नानाला न येणारं नाव

"अगो बायजे!" अशी हाक बंदराच्या बाजूने आली आणि गुणाजी चितारी लाकूड चिकटवायचा सरस घ्यायचा सोडून गर्रकन मागे वळला. वास्तविक वळण्याचं त्याला काही कारण नव्हतं. हाक एका म्हाताऱ्या कोळणीने एका तरण्या कोळणीला मारली होती, आणि ती तरणी "आलू गो, आलू!" म्हणत, डोक्यावरची पाटी एका हाताने सावरत त्याच्या अंगावरून निघूनही गेली. मागे माशांचा वास राहिला, तोही खाडीच्या वाऱ्याने लगेच नेला. गुणाजी मात्र होता तिथेच उभा. दुकानदाराने तागडीत सरसाचे खडे टाकले होते. "चितारीबुवा, एवढं पुरे का?" त्याने एकदा विचारलं, परत विचारलं, आणि मग खडे गुपचूप डब्यात परत टाकले, गिऱ्हाईक भानावर नसताना माल गळ्यात मारावा इतका तो वाईट माणूस नव्हता. गुणाजीच्या कानांत तेवढा एकच शब्द घुमत होता. बायजा. हेच. हेच ते. चैत्रापासून आता कार्तिक लागला. इतके महिने तो हे शोधत होता, घास हातात धरून, रंधा मारता मारता मध्येच थांबून, अंगणात तोंड धुताना पाणी ओंजळीतून गळून जाईपर्यंत. आणि ते असं भर बाजारात, भर उन्हात, एका पाटीखालून चालत येऊन त्याच्या अंगावर आदळलं. बायजा हे त्याच्या बायकोचं माहेरचं नाव होतं. त्या नावाने हाक मारा म्हणून सांगणारी ती मात्र चैत्रातच गेली होती.

सरस न घेताच तो पारनाक्याजवळच्या घरी आला. पुढची खोली कामाची, मागची राहायची, मध्ये एक दार. बायको होती तेव्हा त्या दारातून सारखी ये-जा असे, त्यामुळे ते दार आहे हे कधी लक्षात आलं नव्हतं. आता दिवसभर ते समोर दिसे. कामाच्या खोलीत पांगाऱ्याच्या लाकडाचे ठोकळे पडलेले, लाखेच्या रंगाच्या कांड्या, अर्धवट कोरलेलं एक डोकं, आणि फळीवर नाना. नाना म्हणजे घरचा बाहुला. लाल पगडी, गालांना जरा जास्तच लाली, डाव्या भुवईचा टवका उडालेला. तो मुलाने, दौलतने, लहानपणी उडवला. खालचा जबडा दोरीने हले. घरात जेवढे बोलके बाहुले झाले ते सगळे विकले गेले, नाना तेवढा राहिला, कारण प्रत्येक नव्या बाहुल्याचा जबडा नानाच्या जबड्याशी ताडून बघायचा अशी वहिवाट होती. गुणाजी उंबऱ्यातच बसला. नाना फळीवरून बघत होता. त्याला दुसरं काही करताच येत नव्हतं म्हणा.

या घराला बाहुल्यांचं वेड लावलं ते गुणाजीच्या बापाने. दगडू चितारी मूळ सावंतवाडीकडचा. लाकडाची केळी, आंबे, मिरच्या करायच्या आणि खऱ्या वाटतील अशा रंगवायच्या, एवढं त्याच्या घराण्याला येत होतं. ठाण्याच्या खाडीवर आगगाडीचा पूल होऊ लागला, सुतार हवेत असं कळलं, आणि दगडू खांद्यावर वाकस टाकून निघाला. पूल झाला, आगगाडी कल्याणला आली, तसा तोही बायकोपोरांना घेऊन कल्याणला येऊन राहिला. पण पुलावर असतानाच एक गंमत झाली. गोऱ्या साहेबांच्या तंबूत एक खेळवाला साहेब आला होता. त्याच्या मांडीवर एक लाकडी पोरगं बसे, ते साहेब लोकांच्याच खोड्या काढी, आणि साहेब लोक हसून हसून टोमॅटोसारखे लाल होत. एक दिवस त्या पोराचा जबडा मोडला. बारीक कामाचा हात कुणाचा, अशी चौकशी होत होत ते दगडूच्या पुढ्यात आलं. त्याने उघडून बघितलं आणि त्याला हसू आलं. एवढंच? एक खिळा, एक दोरी, एक वेताची पट्टी. त्याने ते दुरुस्त करून दिलं आणि साहेबाचा तंबू हलायच्या आत पांगाऱ्याचं दुसरं करून ठेवलं. तो नाना. पुढे गारुडी, बहुरूपी, मुंबईचे जादूवाले असे कोण कोण कल्याणचं घर शोधत येऊ लागले, आणि पोरांसाठी केलेले लहान बोलके बाहुले अंबरनाथच्या शिवरात्रीच्या जत्रेत हातोहात जात. दगडू म्हणे, केळी-आंबे लोक बघतात नि ठेवून देतात, बाहुल्याशी मात्र भांडतात.

बाहुल्याचा जबडा नीट बसला की नाही हे त्याच्या तोंडून बोलून बघितल्याशिवाय कळत नाही. आणि बोलताना माणसाचे ओठ हलले तर नजर माणसाकडे जाते, बाहुला नुसतं लाकूड होतो. म्हणून ओठ न हलवता बोलायला घरातल्या प्रत्येक पुरुषाला यावं लागे. "प, फ, ब, भ, म," दगडू बोटांवर मोजत सांगे, "ही आपल्या घरची वैरी. यांना ओठाला ओठ लावावाच लागतो, आणि लावला की चोरी पकडली." त्यामुळे नाना पाणी मागत नसे, त्याला तहान लागे. भूक तर त्याला कधी लागलीच नाही. घरातल्या माणसांची नावंही नानाला घेता आली पाहिजेत असा दगडूचा हट्ट होता. दिवसभर हाका मारायच्याच असतात, त्या नानाकडून मारल्या की जबड्याचीही परीक्षा होते. दगडू, गुणाजी ही नावं नशिबानेच बसली. पोरांनी बापाला बाबा म्हणायचं नाही, दादा म्हणायचं. आणि सून आणायची वेळ आली तेव्हा सावंतवाडीकडच्या एका सुताराची मुलगी पसंत पडली. मुलीत काही खोट नव्हती, नावात होती. लग्नाच्या मांडवात भटजींनी गुणाजीचा हात धरून ताटातल्या तांदळांत अंगठीने नवं नाव लिहून घेतलं. सगुणा. मुलीची आई, नाकात मोठी नथ घातलेली, पुढे झाली आणि म्हणाली, "आमच्या बायजाचा नाव काय वायट आसा?" दगडू म्हणाला, "वाईट नाही हो. नानाला येत नाही." मांडवातले सगळे पोट धरून हसले. मुलीने मान वर केली नाही. या घरातल्या माणसांपुढे ते नाव उच्चारलं गेलं ते तेवढंच, आणि तेही घराबाहेर.

नवऱ्याने बायकोचं नाव घ्यायचं नसतं आणि बायकोने नवऱ्याचं घ्यायचं नसतं. सगळ्यांच्याच घरी तसं. पण बाकीच्यांच्या घरी नाना नव्हता. गुणाजी मुलखाचा लाजाळू. आई समोर बसलेली, बाप पलीकडे रंधा मारतोय, आणि दाराआड नवी बायको बांगड्या सावरतेय. त्याने करावं काय? एक दिवस त्याने नानाला मांडीवर घेतलं, दोरी ओढून बघितल्यासारखं केलं, आणि नाना म्हणाला, "सगुणा, तहान लागली." आत भांड्याचा आवाज झाला. आई हसली, बापाने रंधा थांबवून जबड्याकडे बघितलं आणि "बरा बसलाय," एवढंच म्हटलं. ती तांब्या घेऊन आली. तांब्या तिने ठेवला गुणाजीपुढे, पण बोलली ती नानाकडे बघून. "नाना, धन्याला म्हणावं, सारखं मान खाली घालून बसू नका. मान धरेल." नाना म्हणाला, "तो ऐकत नाही गं. हट्टी आहे." तेव्हापासून जे सुरू झालं ते सुरूच राहिलं. आई-बाप गेले, लाजायला घरात कोणी उरलं नाही, तरी वहिवाट मोडली नाही. गुणाजी स्वतःच्या तोंडाने तिच्याशी बोले ते कामापुरतं: डाळ संपली, छपरावर कौल हललंय, उद्या लाकूड येईल. बाकीचं नाना बोले. "सगुणा, आज केस छान दिसतात." ती म्हणे, "नाना, म्हातारपणी शोभतं का हे?" भांडण झालं की ती दोन-दोन दिवस गप्प असे, मग नाना विचारी, "चिडलीस का गं?" आणि ती म्हणे, "नाना, तुम्ही यात पडू नका. तुमचं माझं काही भांडण नाही."

दौलतच्या आधी त्यांना एक मुलगी झाली होती. ती पाळण्यातच गेली. बायको भिंतीकडे तोंड करून बसली, ना रडे ना बोले. शेजारणी येऊन समजावून गेल्या. गुणाजीला तिच्या जवळ जाऊन बसायचं होतं, पाठीवर हात ठेवायचा होता; त्याचे पाय उचलेनात. शेवटी त्याने नानाला फळीवरून काढलं, तिच्या शेजारी बसवलं, आणि आपण नानाच्या मागे बसला. "रड गं, सगुणा," नाना म्हणाला. "रडायला लाज कसली?" तशी ती नानाच्या लाकडी खांद्यावर डोकं टेकून हमसून हमसून रडली. नानाच्या पाठीत घातलेल्या गुणाजीच्या हाताला तो थरथरता भार कळत होता. आपण तिला जवळ घेतलंय असं त्याला वाटलं. आता, इतक्या वर्षांनी, उंबऱ्यात बसून त्याला पहिल्यांदाच शंका आली की तिला काय वाटलं असेल? तिला कुणी जवळ घेतलं होतं?

दौलत शिकला. त्याने वाकस हातात धरला नाही. ठाण्याच्या कचेरीत कारकून झाला, कोट घालू लागला. मुंबईच्या दुकानांत विलायती चिनी मातीच्या बाहुल्या आल्या, डोळे मिटणाऱ्या, आणि कल्याणच्या लाकडी तोंडांची मागणी हळूहळू आटली, तेव्हा दौलतला वाईट वाटलं नाही. वाईट वाटल्यासारखं त्याने केलं. लग्नात त्याने बायकोचं नाव बदलू दिलं नाही. सुमती ते सुमतीच. घरात पहिल्यांदाच मिटत्या ओठांचं नाव आलं, आणि दौलत ते आईबापांसमोर खुशाल घेई. "सुमती, माझा रुमाल कुठाय?" गुणाजीने ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्याची कानशिलं तापली होती. नानाला सुनेला हाक मारता येत नव्हती, म्हणून गुणाजीनेही कधी मारली नाही. बायको मात्र तेव्हा चुलीपाशी बसून पोराचं ते हाक मारणं ऐकत राहिली होती, भाकरी तव्यावर करपेपर्यंत. हे आता आठवतं. तेव्हा त्याने करपलेली भाकरी तेवढी बघितली.

चैत्रात तिला ताप आला तो हटेना. वैद्याचा काढा झाला, अंगारा झाला. गुणाजी नानाला घेऊन उशाशी बसे. नाना म्हणे, "सगुणा, जरा हस ना." ती हसे. एका दुपारी तिने डोळे उघडले आणि म्हणाली, "नानाला ठेवा तिकडे." त्याने ठेवलं. नानाशिवाय तिच्यासमोर बसायची सवय नव्हती. हात कुठे ठेवावेत ते त्याला कळेना. ती म्हणाली, "मला एकदा माझ्या माहेरच्या नावानं हाक मारा. तुमच्या तोंडानं." तिने त्याच्याकडे, नानाकडे नव्हे, असं काही मागितलं ते आयुष्यात पहिल्यांदा. गुणाजीने तोंड उघडलं. आणि नाव तिथे नव्हतं. मांडव आठवला, तांदूळ आठवले, सासूची नथ आठवली, बापाचं उत्तर आठवलं, माणसं हसली ते आठवलं, नाव आठवेना. विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं. पण कसं विचारायचं? सगळा जन्म माझ्या घरी काढलास, नाव काय तुझं? तो तसाच उघड्या तोंडाने बसून राहिला. ती वाट बघत होती. मग तिच्या चेहऱ्यावर हसू आलं. "लाजता का?" ती म्हणाली. "राहू दे. नानालाच बोलू दे मग." आणि डोळे मिटून पडून राहिली. दुसऱ्या दिवशी ती गेली. तो लाजला असं समजून गेली. तेवढं एक बरं झालं असं त्याला वाटे, आणि सगळ्यांत वाईट तेच झालं असंही वाटे. एकाच घोटात दोन्ही गिळावी लागत.

विचारायला तिच्या माहेरचं कुणी उरलं नव्हतं. एक भाऊ गलबतावर गेला तो परत आलाच नाही. दौलतला विचारलं तर तो म्हणाला, "आईचं माहेरचं नाव? सगुणाच ना?" त्याला तरी काय बोलावं? आता नाव मिळालं होतं. मिळालं तर खरं, पण त्याचं करायचं काय? पुढचे काही दिवस गुणाजी त्या नावाने हाक मारायला मधल्या दाराकडे तोंड करून उभा राहू लागला. ओठ काही जड झाले नव्हते. बाजारात तो बटाटे मागे, मीठ मागे, पोस्टाच्या शिपायाला राम राम करी. तिथे ओठाला ओठ बिनतक्रार लागे. पण त्या दाराकडे तोंड केलं की जबडा घट्ट बसे. नानाला हातात घेऊन बघितलं. नानाने आपोआप "सगुणा" म्हटलं, इतक्या लडिवाळपणे की गुणाजीने दोरी सोडून दिली. आवाज त्याच्याच गळ्यातून आला होता, आणि तरीही आपण कुणा दुसऱ्याच्या संसारात डोकावतोय असं त्याला झालं. तिला हसवलं नानाने. रडवलं नानाने. तिची समजूत काढली ती नानाने. गुणाजी नुसता मागे बसून दोरी ओढत होता. त्याला नानाचा राग आला, खरोखरीचा राग, जसा एखाद्याला धाकट्या भावाचा यावा.

रविवारी दौलत आला. सुमतीने दिलेला डबा त्याने फळीवर ठेवला, नानाच्या शेजारी. "दादा," तो म्हणाला, "इथं एकटं किती दिवस राहणार? ठाण्याला चला. सुमतीही म्हणते." मग जरा थांबून म्हणाला, "आणि एक खेळवाला आलाय ठाण्याला. नानाबद्दल कुणीतरी सांगितलंय त्याला. दादा नवा करून देतील म्हटलं तर ऐकत नाही, जुनाच विकत हवा म्हणतो. मी काही कबूल केलेलं नाही. तुमचा जीव आहे त्याच्यावर."

"घेऊन येतो," गुणाजी म्हणाला. "पुढच्या रविवारी."

दौलत चमकलाच. त्याने समजूत घालायची सगळी तयारी करून ठेवली होती, ती वाया गेली.

"तुझ्या आईचं माहेरचं नाव सापडलं," गुणाजी म्हणाला.

"हो? काय होतं?"

गुणाजीने तोंड उघडलं आणि मिटलं. "सापडलं," तो म्हणाला, "एवढंच." दौलतने बापाच्या कपाळाला हात लावून बघितला. ताप नव्हता. जाताना त्याने शेजारच्या बाईंना जरा लक्ष ठेवा म्हणून सांगितलेलं गुणाजीने ऐकलं.

पुढच्या रविवारी सकाळी त्याने नानाला जुन्या लुगड्यात गुंडाळलं. लुगडं तिचं होतं. घरात दुसरं फडकं नव्हतं असं नाही. बोचकं बगलेत मारून तो निघाला. स्टेशनचा रस्ता उजवीकडे, तो डावीकडे वळला. कशाला वळला ते त्याने स्वतःलाही सांगितलं नाही. दुर्गाडी किल्ल्यावर ऊन आलं होतं, खाडीला भरती होती, बंदरावर होड्या एकमेकींना घासत होत्या. कोळणी ओळीने बसल्या होत्या. ती त्या दिवशीची तरणी शेवटी बसली होती, पाटीवरच्या माश्या हाकलत. तिचा चेहरा त्याच्या बायकोसारखा मुळीच नव्हता. रुंद, काळासावळा, तोंडात विडा. गुणाजी तिच्यासमोर येऊन थांबला. चालताना बोचक्यात नानाचा जबडा खटखट वाजत होता, तोही थांबला.

त्याने ओठाला ओठ लावला.

"बायजे."

आवाज फाटका निघाला, जाडाभरडा. हा आपला आवाज हे त्याला पटायला जरा वेळ लागला.

कोळणीने मान वर केली. "काय वो बाबा? काय दिऊ?"

"काही नको."

"मंग हाक कशाला मारली?"

"हाकच मारायची होती."

शेजारची एक कोळीण फिसकन हसली. ही हसली नाही. तिने त्याच्या डोळ्यांकडे बघितलं, बगलेतल्या बोचक्याकडे बघितलं, बोचक्यातून लोंबणाऱ्या लुगड्याच्या पदराकडे बघितलं. विडा एका गालातून दुसऱ्या गालात घेतला. "मारा मंग आजून एकदा," ती म्हणाली. "हाकंला काय पैसं लागत नाय."

"बायजे," गुणाजी म्हणाला. या वेळी नीट आलं.

"ओ," ती म्हणाली, आणि हातातलं काम थांबवून त्याच्याकडे बघत राहिली.

हा "ओ" आजवर नानाला मिळत आला होता. आता तो सगळाच्या सगळा गुणाजीला मिळाला, आणि ती वाट बघत होती. हाक मारली की माणसाने पुढे काहीतरी बोलायचं असतं. तहान लागली, केस छान दिसतात, चिडलीस का, जरा हस ना. पण ते सगळं नाना बोलायचा. गुणाजीने बोचकं या बगलेतून त्या बगलेत घेतलं. तोंड उघडं ठेवून तो तसाच उभा राहिला, आणि त्याला काही म्हणजे काही सुचेना.